जुन्या वाडीच्या मातीतला धातू

केळवे-माहीमपासून शिरगाव, तारापूर, चिंचणीपर्यंतच्या किनारपट्टीत जुने घर बहुधा वाडीत असते. पुढे अंगण, मागे परस, बाजूला गोठा, विहिरीवर रहाट आणि भोवती नारळ, केळी, पानवेल. असे घर ओस पडले की आधी कौले उतरतात, मग वासे आणि दारे-चौकटी विकल्या जातात; दगडी जोते आणि विहीर तेवढी राहते. पिढ्यानपिढ्या हातातून निसटलेला, मोडून टाकलेला किंवा मुद्दाम पुरलेला धातू मात्र जागचा हलत नाही. नव्या घराचा पाया खणताना, झाडाला आळे करताना किंवा धातुशोधक यंत्र फिरवताना तो वर येतो. अशी वस्तू ओळखण्याचा एक क्रम आहे. ती कुठे आणि कशाबरोबर होती हे आधी पाहायचे, मग धातू, मग घडण, आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते सर्वांत शेवटी. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात आणि तिथेच फसतात.

यंत्राचे काम साधे आहे. त्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात उठणारे भोवरी प्रवाह यंत्र टिपते. तांबे आणि चांदी ठळक दिसतात, लोखंड वेगळे ओळखू येते. पण शिशाची गोळी, सोन्याचा बारीक मणी आणि अॅल्युमिनियमचा तुकडा यांत यंत्राला फारसा फरक कळत नाही. नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २५ सेंटिमीटर खोलीपर्यंत सापडते. समुद्रकाठची ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहून नेते, आणि काळ्या पाषाणाच्या झिजेतून आलेल्या मातीत चुंबकीय कण असतात; त्यामुळे या भागात यंत्र वारंवार खोटे ओरडते. यंत्र फक्त ‘इथे धातू आहे’ एवढेच सांगते. पुढची सगळी ओळख माणसालाच करावी लागते.

या किनाऱ्याच्या मातीत काय असू शकते, याचे उत्तम उदाहरण चिंचणीचेच आहे. तारापूरच्या खाडीपलीकडच्या या गावात १९५५च्या सुमारास जमीन खणताना तांब्याचे ९ पत्रे मिळाले. ते वेगवेगळ्या राजवटींतले ५ दानलेख निघाले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्यांतला सर्वांत जुना लेख राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६चा आहे. त्यातून कळते की संयान, म्हणजे आजचे संजाण, या मंडलाचा कारभार राष्ट्रकूटांनी मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपवला होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. याच अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर फुकट नाव चालवली आणि प्रवाशांसाठी अन्नछत्र घातले, असेही लेखात आहे. पुढचे लेख नंतरच्या राजांचे आणि मांडलिकांचे आहेत. एका मठिकेच्या, म्हणजे लहान मठाच्या, मिळकतीचे कागद शतकाहून अधिक काळ सांभाळले गेले आणि मग एकत्र पुरले गेले, हे कळले ते सगळे पत्रे एकाच जागी मिळाले म्हणून. त्यांतला एखादा मोडीत गेला असता किंवा दुसऱ्याच्या हाती सुटा विकला गेला असता, तर लेख वाचता आला असता पण ही साखळी जुळली नसती. म्हणून एकत्र निघालेल्या वस्तू एकत्रच ठेवाव्यात. त्यांची वाटणी करणे हा ओळखीतला सर्वांत मोठा तोटा आहे.

एकत्र सापडलेल्या वस्तूंचा दुसरा नियम याच पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्याने शिकवला. १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उघडला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती बुद्धांच्या ८ छोट्या कांस्यमूर्ती मिळाल्या. त्याच ठेव्यात गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते. हे नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, तर मूर्ती घडणीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या मानल्या जातात. म्हणजे ठेवा बंद झाला तो मूर्ती घडल्यानंतर. एकत्र पडलेल्या वस्तूंपैकी सर्वांत नवी वस्तू त्या ठेव्याचा काळ ठरवते. सर्वांत जुनी नव्हे. जोत्याखाली एक झिजलेले जुने नाणे आणि त्याच थरात १९०६चा पैसा मिळाला, तर तो थर १९०६ किंवा त्यानंतरचाच.

वस्तू हातात आली की आधी धातू ओळखावा, आणि तो रंगापेक्षा त्याच्या बिघाडावरून चांगला ओळखता येतो. तांबे, पितळ आणि कांसे यांवर जंगाल चढते. ते घट्ट, गडद हिरवे आणि गुळगुळीत असेल तर वस्तू सुरक्षित. पण फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर खाऱ्या मातीतले क्लोराइड आत शिरले आहे आणि हवेतल्या ओलाव्याने वस्तू खात चालले आहे. लोखंड फुगते, पापुद्रे सुटतात, वाळू-शिंपल्यांसह त्याचा गड्डा होतो. शिशावर पांढरी साय येते. चांदी काळी किंवा मेणचट करडी होते, आणि हलक्या चांदीतले तांबे वर येऊन अख्खे नाणे हिरवे दिसू शकते. सोने जसेच्या तसे राहते. ‘जर्मन सिल्व्हर’च्या ताटल्या आणि डब्या पारशी व गुजराती घरांत भरपूर होत्या, त्यांत तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदी अजिबात नसते.

नाणी सर्वांत जास्त सापडतात आणि सर्वांत जास्त चुकीची वाचली जातात. जुन्यांपैकी पहिली म्हणजे गधैया: चांदी-तांब्याच्या मिश्रणाची, साधारण ४ ग्रॅमची, बटणासारखी जाड आणि लहान. इराणच्या सासानी नाण्यावरचा राजाचा चेहरा आणि अग्निवेदी यांची नक्कल होत होत शेवटी त्यावर फक्त रेघा आणि ठिपके उरले. अनोळखी नजरेला तो घासलेला धातूचा गोळाच वाटतो. पश्चिम भारतात ही नाणी काही शतके चालली. शिलाहारांच्या काळचा व्यवहार त्यांवर चाले.

पोर्तुगीज काळात वसईलाही टांकसाळ होती. त्यांचे बारीक चलन म्हणजे बझारूक, तेही पुष्कळदा कथील किंवा शिशाचे. त्यावर क्रॉस, राजचिन्हाची ढाल, खगोलाचे कडे किंवा संत कॅथरीनचे चाक दिसते. १५१०मध्ये गोवा घेतला तो दिवस या संतिणीच्या सणाचा होता, म्हणून हे चाक. मऊ धातूमुळे ही नाणी खाऱ्या जमिनीत फार वाईट टिकतात. करड्या चुरचुरीत चकतीवर पुसट फुली दिसली तर ती फेकण्याआधी दोनदा पाहावी.

मराठी अंमलाची खूण म्हणजे शिवराई. जाडसर तांब्याच्या या नाण्याच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ असते, भोवती ठिपक्यांचे कडे. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उमटतो. एखाद्यावर ‘श्री’ची वेलांटी आणि ‘रा’ एवढेच असते, एखाद्यावर ‘पति’ कडेला कापलेले. नाणे तिरप्या उजेडात धरून फिरवले तर उंचवट्याच्या सावलीत अक्षरे उभी राहतात. समोरून पाडलेला उजेड त्यांना बुजवतो. मात्र ‘राजा शिव’ वाचले म्हणजे नाणे शिवकालीन ठरत नाही. हाच मजकूर पेशवाईतही आणि नंतरही अनेक टांकसाळींनी छापला. सुरुवातीच्या शिवराया वजनदार आणि अक्षराने रेखीव, नंतरच्या हलक्या आणि ओबडधोबड. मजकुरामध्ये दोन समांतर आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई उत्तरकाळची. तारापूरच्या एखाद्या वाडीत ती सापडली, तर १७३९नंतरच्या मराठी अंमलात किंवा त्याही पुढे ती वापरात होती असे मानणे अधिक सयुक्तिक.

रुपयांचीही हीच गोष्ट. दुसऱ्या शाह आलमच्या नावाचे, राज्यवर्ष ४६ घातलेले सुरती धाटणीचे फार्सी लेखाचे रुपये या पट्ट्यात ओळखीचे. हे राज्यवर्ष १८०५च्या आसपास येते, आणि बादशहा १८०६मध्ये वारला. पण ईस्ट इंडिया कंपनी तेच वर्ष गोठवून १८३५पर्यंत नाणी पाडत राहिली. अशा रुपयाची कड आणि गोलाई पाहावी: हाताने ठोकलेला जाड व वाकडा, यंत्राचा सारखा आणि कडेला दातेरी. राणीच्या रुपयांवरचा १८४० हा सन १८६२ येईपर्यंत चालला, आणि १८६२ हा सन १८७४पर्यंत. १८६२च्या मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर बारीक ठिपके मोजले तर खरे वर्ष कळू शकते.

तारापूरशी थेट नाते सांगणारे एक नाणे आहे, पेस्तनशाही. तारापूरच्या मेहरजी घराण्यातले विकाजी आणि पेस्तनजी हे पारशी बंधू निजामाच्या राज्यात सावकारी आणि मक्तेदारीत मोठे झाले. पेस्तनजींनी औरंगाबादला पाडलेले रुपये त्यांच्या नावाने ओळखले जातात. तारापूरचा किल्लाही विकाजींकडे इनाम होता. या गावातल्या जुन्या पारशी घराच्या जागी निजामी छापाचा रुपया निघाला, तर तो वाट चुकून आलेला समजू नये.

छाप पूर्ण गेला असेल तर तराजू आणि मोजपट्टी कामाला येते. कंपनीचा आणि राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, तांब्याचा पाव आणा ६.४८ ग्रॅमचा. १९०६पासूनचा कांस्य पाव आणा ४.८६ ग्रॅमचा. जंगाल वजन थोडे वाढवते आणि झीज ते घटवते, तरी हे तीन आकडे सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. तांब्याच्या नाण्यावर तराजू आणि त्याखाली फार्सी ‘अदल’ दिसले, तर ते मुंबई इलाख्याचे. १७९१पासून अशी नाणी इंग्लंडात यंत्रावर पाडून इथे आणली जात. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७चा. ‘नये पैसे’ लिहिलेले नाणे १९५७ ते १९६४मधले, आणि अॅल्युमिनियमची नाणी त्यानंतरची. नाण्यांसोबत शेर-पावशेराची शिक्क्याची वजने मिळाली, तर मेट्रिक पद्धत रुळण्याआधीचे, म्हणजे साधारण १९६०पूर्वीचे, दुकान किंवा खळे तिथे असावे.

घरगुती वस्तूंना सन नसतो, पण जागा असते. विहिरीच्या काठी रहाटाच्या पट्ट्या, कड्या, गडव्याचे काठ आणि पाण्यात पडून हरवलेली जोडवी. गोठ्याजवळ बैलांचे नाल, घुंगरू आणि पितळी घंटा. ओटीच्या खाली अडकित्ता, चुन्याची डबी, कानकोरणे. परसातल्या उकिरड्यात फुटकी भांडी. तांब्या-पितळेच्या तुकड्याच्या आतल्या अंगाला कल्हईचा पांढुरका थर आणि बाहेर काजळी असेल, तर ते चुलीवरचे भांडे होते. बाहेरून काजळी नसेल तर ते पाण्याचे किंवा देवघरातले असावे. भांड्याच्या काठाखाली टोच्याने ठोकलेल्या ठिपक्यांतले नाव सर्वांत बोलके असते: लग्नातला आहेर, देणाऱ्याचे नाव, कधी तिथी. ते नाव गुजराती लिपीत आहे की देवनागरीत, यावरून घर पारशी-गुजराती व्यापाऱ्याचे होते की वाडवळ-भंडारी बागायतदाराचे, याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण भांडी गहाण पडत, मोडीत येत आणि पुन्हा विकली जात.

खिळ्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि जोत्याचा काळ ठरवायला खिळ्याइतका विश्वासू साक्षीदार नाही. नाणे कमरेला लावून माणूस गावोगाव फिरतो. खिळा मात्र घर उभे राहिले त्याच दिवशी तुळईत ठोकला जातो. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी असतो, सगळ्या बाजूंनी निमुळता होतो आणि त्याच्या डोक्यावर हातोड्याच्या घावांचे पैलू असतात. तारेपासून यंत्रावर केलेला गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आला. एकाच जोत्यात दोन्ही मिळाले, तर घर जुने आणि दुरुस्ती नवी. जोडीला मंगलोरी कौलाचा तुकडा पाहावा. बासेल मिशनने मंगळूरला १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यामुळे त्या धाटणीचे छप्पर त्याआधीचे असू शकत नाही. रुळाचे टोकदार लोखंडी मोळे आणि रेल्वेची पितळी बटणे मुंबई-बडोदा मार्गानंतरची. पालघर-बोईसरवरून जाणारा हा लोहमार्ग १८६४मध्ये सुरू झाला. ‘बी.बी. अँड सी.आय.’ ही इंग्रजी अक्षरे असलेले बटण १९५१च्या आधीचे, कारण त्या वर्षी ही कंपनी पश्चिम रेल्वेत विलीन झाली.

किल्ल्यांच्या आसपासच्या वाड्यांत युद्धाचे सामान निघते. जानेवारी १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून माहीम आणि तारापूर घेतले. तारापूरच्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. बंदुकीची गोळी शिशाची, पांढरट, आणि आकारापेक्षा हाताला जड लागणारी असते. १७.५ मिलिमीटर व्यासाच्या शिशाच्या गोळीचे वजन सुमारे ३२ ग्रॅम भरते, आणि ती इंग्रजी पायदळाच्या बंदुकीची असू शकते. तोड्याच्या बंदुकीच्या गोळ्या लहान आणि आकाराने अनियमित. नीट पाहिले तर दोन साच्यांच्या जोडाची बारीक रेघ आणि ओतण्याचा कापलेला देठ दिसतो. गोल राहिलेली गोळी हातातून पडलेली. चपटलेली गोळी कुठेतरी आदळलेली. अशा चपट्या गोळ्या एकाच भिंतीपाशी मिळू लागल्या, तर त्यांच्या जागा नकाशावर मांडल्याशिवाय एकही उचलू नये; मार कुठून आला हे त्या जागाच सांगतात. सातपाटी-दांडीच्या बाजूला मात्र घाई नको. मच्छीमारांच्या जाळ्यालाही शिशाच्या गोळ्या असतात. त्यांना दोरीसाठी आरपार भोक किंवा खाच असते. शिसे विषारी आहे, तेव्हा हाताळल्यावर हात धुणे आलेच.

तोफेचा म्हणून आणलेला प्रत्येक लोखंडी गोळा तोफेचा नसतो. तारापूर औद्योगिक वसाहतीचा परिसर जवळ आहे, आणि रसायने किंवा रंग दळणाऱ्या बॉल मिलमधले गोळे भंगारातून सगळीकडे पसरतात. ते लहान आणि एकसारखे गुळगुळीत असतात. जुन्या ओतीव गोळ्याला साच्याची रेघ, देठाचा डाग आणि गंजाचे पापुद्रे असतात. ७६ मिलिमीटरचा भरीव गोळा साधारण १.६ किलोचा. त्याहून तो स्पष्टपणे हलका असेल किंवा त्याला भोक अथवा बूच दिसत असेल, तर तो आतून पोकळ आणि दारू भरलेला असू शकतो. तो घासू नये, तापवू नये, घरी नेऊ नये. जागच्या जागी ठेवून पोलिसांना कळवावे.

ख्रिस्ती वस्तीच्या वाड्यांत, विशेषतः वसईकडे, लहान लंबगोल पदके मिळतात. एका बाजूला हात पसरलेली मारिया माता, दुसऱ्या बाजूला क्रॉस लावलेले ‘एम’ अक्षर, खाली दोन हृदये आणि भोवती १२ तारे. त्यावर १८३० हा सन असतो आणि पदक १८३०चे म्हणून दाखवले जाते. तो सन पॅरिसमधल्या कॅथरीन लाबूरे या जोगिणीला झालेल्या दर्शनाचा आहे; पहिली पदके १८३२मध्ये पाडली गेली आणि तोच सन घालून ती आजही निघतात. जुने पदक ओळखायचे ते धातूवरून. अॅल्युमिनियमचे हलके पदक एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे असूच शकत नाही, कारण हा धातू तेव्हा सोन्याच्या तोलाने महाग होता.

वस्तू ओळखण्याआधीच तिचे सर्वांत मोठे नुकसान स्वयंपाकघरात होते. देवाची भांडी ज्या हाताने लखलखीत केली जातात, तोच हात नाण्याला चिंच, लिंबू किंवा राख लावतो. आम्ल जंगालाबरोबर वरचा छापही खाते. जी अक्षरे तांब्यात नव्हे तर जंगालाच्या थरात टिकून होती, ती कायमची जातात. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती सोडवणे, पूर्ण वाळवणे आणि हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवणे एवढेच घरी करावे. लोखंडाचा गड्डा तर फोडूच नये. क्ष-किरण चित्रात त्याच्या आतला मूळ आकार दिसू शकतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. वसईचा किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप अशा संरक्षित स्मारकांच्या हद्दीत १९५८च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय खणता येत नाही. खासगी वाडीतही जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाली, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. २०१४पासून हे कार्यालय पालघरलाच आहे. ठेवा बेवारशी ठरला आणि शोधणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला जातो. सरकारने तो स्वतःकडे घेतला, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देते. न कळवणाऱ्याचा वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकते. ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. गुप्तधनासाठी मांत्रिक आणून अघोरी विधी करणे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तरीही असे प्रकार घडतात, आणि त्यांत जिवाबरोबर जुनी जोतीही उखडली जातात.

जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या सूचनेत वस्तूंचे स्वरूप, त्यांची संख्या व अंदाजे मोल, सापडल्याची जागा आणि तारीख असावी लागते. ओळखीसाठी जी नोंद हवी, तीही जवळपास हीच: विहिरीपासून किंवा जोत्याच्या कोपऱ्यापासूनचे अंतर, खोली, मातीचा रंग, सोबतच्या वस्तू, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे छायाचित्र. अशी नोंद असली तर राज्याचे पुरातत्त्व खाते, पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा नाण्यांसाठी नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था इथल्या अभ्यासकांना वस्तूचा काळ सांगताना तिच्यावरच्या सनावर विसंबून राहावे लागत नाही.